प्रमुख पाहुण्यांच्या आधी आलेलं ग्रहण

लुसेकेलोच्या कोटातून धूर निघायला लागला तेव्हा तो सुबिलागाला सांगत होता, की बाई, तुमच्यासारखं हसणं मी अख्ख्या उसांगूत पाहिलं नाही.

सुबिलागा हसत नव्हती. ती घाबरली होती. बाजारामागच्या मैदानात तिनं दुर्बीण सूर्याकडे रोखली होती आणि दुर्बिणीच्या मागे पांढरा पुठ्ठा धरला होता. पुठ्ठ्यावर बशीएवढा सूर्य पडला होता, त्याच्यावरचे दोन बारके डागसुद्धा दिसत होते. दुर्बीण आणि पुठ्ठा यांच्यामध्ये कुणी उभं राहायचं नसतं, हे तिच्या शाळेतल्या पहिलीच्या पोरालाही ठाऊक. पण लुसेकेलोला एकच सवय होती — जिथून सगळ्यांना आपण दिसू, तिथं उभं राहायचं. आणि तो उभा राहिला. जांभळा कोट, सोनेरी बटणं, आणि पोटाच्या बरोब्बर मध्यावर सूर्य.

"कोट," ती म्हणाली.

"आवडला ना? म्बेयाहून शिवून आणलाय."

"अहो, जळतोय."

"लोक जळतातच बाई, चांगल्या कपड्यावर. मी मनावर घेत नाही."

मग सुबिलागानं हातातला गार होत आलेला दुधाचा चहा सरळ त्याच्या पोटावर ओतला.

लुसेकेलोनं खाली बघितलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मध्ये शेंगदाण्याएवढं भोक. कडा काळ्या, त्याच्यावरून चहा ओघळतोय.

"हे सूर्यानं केलं?"

"सूर्यानं. आणि तुम्ही."

"म्हणजे..." तो जरा विचार करून म्हणाला, "मी सूर्याच्या नजरेत भरलो."

आता ह्या माणसाचं काय करायचं. किलुंगा गावात त्याच्याशिवाय लग्न लागत नसे आणि त्याच्यामुळे एकही लग्न वेळेवर लागत नसे. मंडपात माईक हातात घेऊन नवरीपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांचं गुणगान करायचं, पाहुण्यांना नाचवायचं, आणि प्रमुख पाहुणे येईपर्यंत — ते तीन-तीन तास येत नसत — लोकांना खुर्चीत थोपवून धरायचं, हा त्याचा धंदा. आणि आता जिल्हा कचेरीनं त्याला ग्रहण दिलं होतं.

खरंच दिलं होतं. पुढच्या महिन्यात कंकणाकृती ग्रहणाची वाट नेमकी किलुंगावरून जाणार, हे कचेरीला कळलं, आणि कचेरीला जे कळतं त्याचा कार्यक्रम होतो. तंबू ठरला. बकऱ्याचा पुलाव ठरला. राजधानीतून मोठे साहेब प्रमुख पाहुणे ठरले. माईक लुसेकेलोकडे. आणि ग्रहण म्हणजे काय, हे गावात एकाच व्यक्तीला विचारता येत होतं — भूगोलाच्या बाईंना.

"दोन वाक्यांत सांगा," लुसेकेलो पुठ्ठ्याच्या बाजूला — यावेळी नीट बाजूला — बसत म्हणाला. "बाकीची चाळीस मी घालतो."

"चंद्र सूर्याच्या पुढे येतो. पण तो लांब असल्यामुळे सूर्य पुरता झाकत नाही, कडेनं उजेडाचं कडं उरतं."

"नवरी नवरदेवापुढे उभी राहते. समजलं."

"लग्न नाहीये ते."

"सगळं लग्नच असतं, बाई. उशिरा सुरू होतं आणि जेवणावर संपतं."

"हे उशिरा सुरू होत नाही."

"आणि प्रमुख पाहुणे आले नसले तर?"

"तरी होतं."

लुसेकेलो मनापासून हसला. बाई विनोदी आहेत, असं त्याला वाटलं.

सुबिलागाला मात्र ते विनोदाचं नव्हतं. गावात तिला 'सूर्याची बाई' म्हणत, आणि ते काही कौतुकानं नाही. काही वर्षांपूर्वी शुक्र सूर्यावरून गेला होता. शतकात एखाद्या वेळी होणारी गोष्ट. तिनं घरोघर जाऊन सांगितलं होतं. पहाटे शाळेच्या छपरावर ती पुठ्ठा मांडून बसली, आणि आली कोण? एकटी बुपे आत्या. तिच्याकडेच सुबिलागा लहानाची मोठी झाली होती, म्हणून आली बिचारी. सूर्याच्या चित्रावर काळा ठिपका बघून आत्या म्हणाली, "अगं, माशीनं घाण केलीय," आणि तिनं कमरेला गुंडाळलेल्या कांग्याच्या टोकानं शुक्र पुसायला घेतला. पुसून पुसून दमली.

तेव्हापासून सुबिलागा जे बघायचं ते एकटीच बघायची. चंद्रग्रहणं, धूमकेतू, सगळं. बघून झालं की शेजारी कुणीतरी असतं तर बरं झालं असतं, असं वाटायचं, आणि मग ती दुर्बीण पुसून ठेवायची. पण हे कडं तिच्या काय, तिच्या नातवंडांच्या जन्मात पुन्हा किलुंगावर येणार नव्हतं. यावेळी सगळं गाव वर बघताना तिला बघायचं होतं. एवढंच हवं होतं तिला. पण ते फार हवं होतं.

"वेळ काय घालू पत्रिकेत?" लुसेकेलोनं विचारलं. आणि विचारता विचारता त्यानं कोटाच्या भोकातून करंगळी बाहेर काढली आणि ती तिच्याकडे बघून हलवली, लहान मुलाला टाटा करतात तशी.

सुबिलागा हसली. आता मात्र खरंच हसली, आणि हसता हसता म्हणाली, "आठ पंचावन्न."

घोळ झाला तो इथं.

ग्रहणाची कोष्टकं साऱ्या जगासाठी एकाच घड्याळावर केलेली असतात, आणि ते घड्याळ आमच्यापेक्षा तीन तास मागे. सुबिलागा दोन महिने त्या कोष्टकातच राहत होती. त्यातले आठ पंचावन्न म्हणजे आमच्याकडे दुपारी बाराला थोडे कमी. तीन तास मिळवायचे, ते गावच्या घड्याळात बसवायचे, मग सांगायचं, हे तिला झोपेतही माहीत. पण झोपेत समोर करंगळी हलत नसते.

आणि आमच्याकडचं घड्याळ आणखी वेगळं. इथं दिवस उजाडला की घड्याळ सुरू होतं. सकाळचे सात म्हणजे एक वाजला, दुपारचे बारा म्हणजे सहा. तेव्हा लुसेकेलोनं आठ पंचावन्न ऐकलं आणि गावातल्या कुणीही लावला असता तोच हिशोब लावला — दुपारचे तीन वाजायला आले असताना. त्याला वेळ फारच पसंत पडली. जेवणं होतात, ऊन उतरतं, पाहुणेही पोचतात. चंद्रानं चांगला मुहूर्त काढलाय, तो म्हणाला.

गावभर रंगीत कागद लागले. त्यावर ठळक आकड्यात ८:५५. सुबिलागा रोज त्यांच्यावरून शाळेत जायची. तो आकडा तिच्या इतक्या ओळखीचा झाला होता, की बघून तिला बरंच वाटायचं.

मग महिनाभर लुसेकेलो तिच्या घरी 'माहिती घ्यायला' येऊ लागला. माहिती कमी आणि मांडाझी जास्त घ्यायचा. अंगणातल्या आंब्याखाली बसायचा, चहात ती तळलेली गोड मांडाझी बुडवायचा आणि विचारायचा, "चंद्राला कळतं का हो, आपण कुणाच्या वाटेत आलोय ते?"

"तुम्हाला कळलं होतं का?"

"मला कोट गेल्यावर कळलं."

बुपे आत्या मध्ये बोलायची नाही. तिची बोलायची रीत निराळी. आमच्या बायकांच्या कांग्यावर काठाशी एक ओळ छापलेली असते, आणि जे तोंडावर बोलायचं नाही ते नेसून फिरायचं असतं. लुसेकेलो पहिल्यांदा आला त्या दिवशी आत्याच्या कमरेला होतं, 'पाहुणा गोड, पण उठणार कधी?' दुसऱ्या आठवड्यात, 'भांडं वाजतं तेव्हा आत काही नसतं.' चौथ्या आठवड्यात आत्या आत जाऊन कांगा बदलून आली. नव्यावर होतं, 'मी पाहिलं, मी गप्प आहे.' लुसेकेलोनं ते वाचलं आणि हातातली मांडाझी परत बशीत ठेवली.

सुबिलागाचं मन मात्र लागत नव्हतं. म्हणजे लागलं होतं, तीच पंचाईत. एका शनिवारी शेजारच्या मंडपातून कर्ण्यातून त्याचा आवाज आला. नवरीच्या आईला तो सांगत होता, "आई, तुमच्यासारखं हसणं मी अख्ख्या उसांगूत पाहिलं नाही." आणि मंडप आनंदानं किंचाळला.

सोमवारी तो आला तेव्हा तिनं चहा दिला, मांडाझी दिली नाही.

"नवरीच्या आईचं हसणं फार छान होतं म्हणे," ती म्हणाली.

लुसेकेलो कपात बघत राहिला. "ते... कामावरचं होतं."

"आणि माझं?"

"तुमच्या वेळी कोट पेटला होता, बाई. पेटलेला माणूस खोटं बोलत नाही."

"तेव्हा तुम्हाला ठाऊक तरी होतं का, पेटलाय म्हणून?"

ती आत निघून गेली. दाराआड उभी राहून तिनं स्वतःला बजावलं, की ज्याच्या तोंडात दिवसाला शंभर गोड शब्द येतात, त्याच्या एकाचीही किंमत काय लावायची... आणि मग तो फाटकाबाहेर पडेपर्यंत फटीतून बघत राहिली.

ग्रहणाच्या दिवशी आभाळ कसं, धुतल्यासारखं. पाऊस नाही, ढग नाही, भाताच्या शेतांवर नुसती कोरडी सोनेरी धूळ. सुबिलागा सकाळीच मैदानात पोचली. तंबू उभा होता. खुर्च्या रांगेत होत्या, पहिल्या रांगेत गाद्यांच्या. तंबूमागे बुपे आत्या बायकांना घेऊन चुलीवर भला मोठा टोप चढवत होती. बाकी मैदानात एक बकरी होती, आणि तीही दुपारपर्यंत राहील असं दिसत नव्हतं.

तिनं दुर्बीण लावली. पुठ्ठ्यावर सूर्य आला. सकाळचे दहा वाजून गेले, आणि गोल कडेला अगदी बारीक चावा पडला.

सुरू झालं. मैदान रिकामं.

तेवढ्यात लुसेकेलो आला. अंगात बनियन, गळ्यात टॉवेल, तोंडात दात घासायची काडी. "बाई, आत्तापासून कशाला ताटकळताय? अजून पाच तास आहेत."

"कशाला पाच तास?"

"ग्रहणाला."

सुबिलागानं पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. लुसेकेलो वाकला. त्यानं चावा पाहिला, मग वर बघायला गेला, तिनं त्याचे डोळे तळहातानं झाकले. तसेच झाकलेल्या डोळ्यांनी तो म्हणाला, "पण हे तर आठ पंचावन्नला..."

आणि तिचा हात त्याच्या डोळ्यांवर तसाच राहिला. महिनाभराचे सगळे रंगीत कागद तिच्या डोळ्यांपुढून गेले.

"मी तीन मिळवले नाहीत," ती म्हणाली. "लुसेकेलो... मी तीन मिळवलेच नाहीत."

तिनं ज्या आवाजात हे सांगितलं, त्यानं त्याची काडी तोंडातून पडली. रागावली असती तर त्याला परवडलं असतं. पण ती दुर्बिणीचं झाकण हातात घेऊन बसली होती, ते लावायचं की नाही ते ठरवत. "दोन तासांनी संपेल महत्त्वाचं सगळं," ती म्हणाली. "लोक ऊन उतरल्यावर येतील. सूर्य पुरा गोल असेल. आणि मग ते म्हणतील, सूर्याच्या बाईनं... जाऊ दे. मी बघेन. सवय आहे मला."

"झाकण खाली ठेवा," लुसेकेलो म्हणाला.

तो धावला. चौकातून एक मोटारसायकलवाला पकडला, मागच्या बाजूला कर्णा बांधला, आणि बनियनवरच गावात शिरला. "गावकऱ्यांनो, ग्रहण सुरू झालं हो, ग्रहण सुरू झालं!"

एक माणूस हलला नाही. वीस वर्षं ज्यानं 'नवरी निघाली, नवरी फाटकात आली' असं सांगत गावाला तीन तीन तास बसवलं, त्याच्या 'सुरू झालं'ला कोण विचारतो? न्हाव्याच्या खुर्चीतून एक जण फेसाच्या तोंडानं म्हणाला, "म्हणजे संध्याकाळी." भात कांडणाऱ्या बायका म्हणाल्या, "अजून अंघोळ व्हायचीय आमची." लुसेकेलोनं शपथ घेतली, तर हसायलाच लागल्या. शपथसुद्धा त्याची रोजचीच.

बाजाराच्या टोकाशी तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगत होता, आणि ते खपत नव्हतं. मग त्यानं एक दीर्घ श्वास घेतला, कर्णा सरळ केला आणि साध्या आवाजात म्हणाला, "पुलाव वाढायला घेतलाय."

न्हावी वस्तरा घेऊन पळाला, आणि त्याच्या मागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक.

पाव तासात मैदान भरलं. ताटं घेऊन, वाट्या घेऊन, एक म्हातारा तर परात घेऊन आला. कचेरीचे सचिव म्वाकिबेटे धापा टाकत आले आणि त्यांनी लुसेकेलोचा टॉवेल धरला. "साहेबांच्या आधी जेवण? डोकं फिरलंय? साहेब बसल्याशिवाय या गावात पाणी पीत नाही कुणी."

"ग्रहण थांबत नाही, सचिवसाहेब."

"मग थांबव. माईक कशाला दिलाय तुला?" आणि मग खालच्या आवाजात, "लुसेकेलो, ऐक. साहेबांच्या आधी एक ताट जरी गेलं, तर कचेरीचा एकही कार्यक्रम तुला मिळणार नाही. इथं नाही, जिल्ह्यात नाही. मोठ्या घरची लग्नंपण आमच्याच सांगण्यावर होतात, हे विसरू नकोस."

लुसेकेलोनं सुबिलागाकडे पाहिलं. ती मुलांना ग्रहण बघायचे कागदी चष्मे वाटत होती, एकेकाच्या कानामागे दोरी अडकवत होती, आणि गर्दीकडे अशी बघत होती, जशी नवरीची आई मंडपाकडे बघते.

"आत्या," तो ओरडला, "वाढा."

"अरे, कच्चा आहे तो," आत्या म्हणाली.

ही नवीच अडचण. लोक ताटं वाजवायला लागले. आत्यानं तांदूळ निथळायची मोठी चाळणी उचलली, लोकांना दाखवायला, की बघा बाबांनो, अजून चुलीवरच आहे सगळं. आणि चाळणीची सावली खाली चटईवर पडली. आत्याचा हात तसाच वर राहिला.

चटईवर शंभर सूर्य पडले होते. चाळणीच्या प्रत्येक भोकाचा एक, आणि प्रत्येकाला चंद्रानं चावलेलं.

"सुबे," आत्या हळूच म्हणाली, "हे तर पुसायचं नाही ना?"

सुबिलागा चटईपाशी वाकली. तिनं नुसती मान हलवली.

मग ताटं खाली गेली. ज्याच्याकडे जे होतं ते त्यानं वर धरलं. चहाची गाळणी, विणलेली टोपली, गवताची टोपी. म्हाताऱ्यानं परात पालथी घातली आणि तिला भोक नाही म्हणून शिव्या दिल्या. न्हावी बोटांची जाळी करून शेजाऱ्याच्या अर्ध्या दाढीवर सूर्य पाडत होता. हवा गार होत गेली. ऊन होतं, पण त्यात पाणी घातल्यासारखं झालं होतं. कोंबड्या बुचकळ्यात पडून तंबूखाली आल्या आणि पहिल्या रांगेत, साहेबांच्या गादीवर, बसल्या.

"आता," सुबिलागा म्हणाली. "आता चष्मे लावा. आता."

आणि आलं ते. आभाळात काळं वर्तुळ आणि त्याच्याभोवती आगीचं एक बारीक, अखंड कडं.

तंबूमागच्या आंब्याखाली लुसेकेलो सुबिलागाशेजारी उभा होता. पानांच्या फटीफटीतून कडी गळत होती. जमिनीवर, चुलीवर, त्याच्या बनियनवर, तिच्या हातांवर, सगळीकडे कडीच कडी. वारा आला की ती सगळी एकदम हलायची. गावातल्या बायका वाट बघत होत्या, की आता हा अंगठीवर काहीतरी बोलणार, नवरा-नवरीवर बोलणार. तो बोलल्याशिवाय राहणार कसा? माईक तर त्याच्या हातातच होता.

"बोल की रे," कुणीतरी म्हणालं.

लुसेकेलोनं माईक खाली केला. त्याचं तोंड जरा उघडं होतं, पण त्यातून काही येत नव्हतं. तो वर बघत होता, मग त्यानं चष्मा काढला आणि तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. त्या तीन मिनिटांत त्यानं एक शब्द काढला नाही, आणि सुबिलागाला वाटलं, की या माणसानं आजवर आपल्याशी केलेलं हे सगळ्यात लांबलचक बोलणं.

मग कडं एका बाजूनं तुटलं, आणि सगळं गाव एका दमात श्वास सोडून बोलायला लागलं.

दुपारपर्यंत पुलाव शिजला, वाढला, संपला. सूर्य पुन्हा पुरा गोल झाला. लोक खुर्च्यांत पेंगायला लागले. आणि अडीच वाजता धुळीचा लोट उठवत चार गाड्या आल्या. मोठे साहेब आयुष्यात पहिल्यांदा वेळेच्या आधी पोचले होते.

"उशीर तर नाही ना झाला?" त्यांनी आनंदानं विचारलं.

सचिव म्वाकिबेटेंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी लुसेकेलोकडे बघितलं. लुसेकेलोनं सुबिलागाकडे. सुबिलागानं सगळ्या गावाकडे. आणि गाव, ज्याच्या पोटात साहेबांच्या वाटणीचं बकरं होतं, एकमुखानं म्हणालं, "नाही साहेब."

साहेबांना गादीवरच्या कोंबड्या हलवून बसवण्यात आलं. त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवण्यात आला. त्यांनी वर बघितलं. आख्खा, गोल, निरोगी सूर्य.

"वा," साहेब बऱ्याच वेळानं म्हणाले. "अगदी मनात होतं तसंच."

गावानं टाळ्या वाजवल्या. साहेब माईककडे गेले, आणि खिशातून भाषणाचे कागद निघाले. बरेच निघाले.

तंबूमागे सुबिलागा दुर्बीण पुसत होती. लुसेकेलो येऊन उभा राहिला. बाजूला उभा राहिला, वाटेत नाही.

"कचेरीनं काढलं तुम्हाला," ती म्हणाली.

"हो. साहेबांच्या जाण्याची वाट बघतायत, मग रीतसर काढतील."

"माझ्या चुकीमुळे."

"करंगळी माझी होती."

ती हसली. तो हसला नाही. टॉवेलाचं टोक पिळत उभा राहिला. "बाई, मला तुमच्या घरी यायचंय. मांडाझी खायला नाही... मागणी घालायला. पण ते जमत नाही."

"का?"

"रीत माहितीये ना. मुलानं तोंड उघडायचं नाही. त्याच्या बाजूनं बोलणारा मध्यस्थ लागतो. तो सगळं बोलतो, मुलगा मान खाली घालून बसतो."

"मग आणा की मध्यस्थ."

"गावात त्या कामाचा एकच माणूस आहे." त्यानं स्वतःच्या बनियनकडे बोट केलं. "निम्म्या गावाची मागणी मी घातलीय. माझी कोण घालणार? मघाशी वाटलं, साहेबांनाच विचारावं..."

"नको. ते आत्याचं उद्घाटन करतील."

तंबूतून आवाज येत होता, "...आणि चंद्राबद्दल बोलायचं झालं तर, माझ्या खात्यानं..."

सुबिलागानं दुर्बिणीचं झाकण बसवलं. मग उठली, कांग्यावरची धूळ झटकली आणि म्हणाली, "या माझ्यामागं. आणि गप्प राहा."

बुपे आत्या पालथ्या टोपाला राख लावून घासत होती. सुबिलागा तिच्यासमोर जाऊन नीट गुडघ्यावर बसली, जसा मध्यस्थ बसतो. लुसेकेलो मागे चटईवर बसला, मान खाली.

"आत्या, आम्ही मागणी घालायला आलोय."

आत्यानं हात थांबवले नाहीत. "कुणाच्या बाजूनं बोलतेस?"

"मुलाच्या."

"हं. मुलगा काय करतो?"

"आजपासून काही नाही."

"बरा असतो का बोलायला?"

"फार बोलतो. पण आज पाहिलं मी... गप्पही राहता येतं त्याला."

आत्यानं राखेचा हात कपाळाला लावून एकदा लुसेकेलोकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "असं परस्पर होत नाही. मुलीला विचारलंय का?"

सुबिलागा थांबली. तिनं मान वळवून मागे पाहिलं. लुसेकेलोनं मान खालीच ठेवली होती, पण त्याचे कान लाल झाले होते आणि चटईची एक काडी तो बोटानं उपसत होता... आख्खी रांग उसवत आली होती.

"विचारलं," सुबिलागा म्हणाली. "हो म्हणतेय ती."

तंबूत टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी ग्रहणाचं उद्घाटन केलं होतं. लुसेकेलोनं झटकन मान वर केली, तोंड उघडलं—

"ए," बुपे आत्यानं डाव उगारला. "मुलानं गप्प बसायचं."